शेडनेटमधला माझा अर्धा वाटा

मी, वय वर्षे सव्वीस, शाळा नववीपर्यंत, पायाला भिंगरी, टोमॅटोच्या रोपवाटिकेत सख्ख्या दादाचा निम्मा भागीदार, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणीही भरीला घातलेलं नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. उद्या पोटाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर किरकोळ म्हणतात. म्हणोत.

१. मोटारसायकल धाकट्या बहिणीला. तिसरा गिअर अडतो. हिच्यावरून मी पार समुद्रापर्यंत गेलो होतो, तिथे एका खानावळीत महिनाभर भांडी... असो, तो विषय वेगळा.

२. भिंग आणि उरलेले पिवळे चिकट सापळे वहिनीला. पांढरी माशी पानाच्या खालून बसते, हे घरात तिच्याच लक्षात राहतं. माशीने आणलेल्या व्हायरसला औषध नाही. माशी आत येऊ द्यायची नाही, एवढंच हातात. म्हणून मी शेडनेटला बारीक जाळी आणि दोन दारं लावली. एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही.

३. दादाला काही नाही. मी भटकायला गेलो होतो तेव्हा क्रेट नेताना खोळंबा नको म्हणून त्याने दोन्ही दारं दोरीने बांधून उघडी ठेवली. शेजारीच जुन्या टोमॅटोचं रोगट पीक उपटायचं राहिलेलं. सापळे माश्यांनी भरले, तर याने ते फेकून कोरे लावले आणि रोपं विकली. रोग लागलेला असला तरी तेव्हा ती हिरवीगारच दिसतात. शेजारच्या काकूंनी विचारलं, "धाकट्याने बघितलीत ना?" हा म्हणाला, "एकेक पान!" तीन आठवड्यांत काकूंच्या रानातली पानं वाटीसारखी वळली, सगळं उपटावं लागलं. काकू माझ्याशी बोलत नाहीत. दादाला जाब विचारला तर म्हणे, "तू नव्हतासच, तुझं काय गेलं?"

माझा शब्द गेला, दादा.

४. माझा अर्धा वाटा काकूंना. दारांच्या किल्ल्याही त्यांच्याकडेच.

५. दादाने साक्षीदार म्हणून सही करावी, आणि वर "दारं मी उघडी ठेवली" असं स्वतःच्या हाताने लिहावं. मग कागद काकूंना दाखवावा.

ठिकाण: दवाखाना, खाट चार. दिनांक: १६ मार्च.

सही: धाकटा

साक्षीदार:
१. वॉर्डातल्या सिस्टर (सही)
२. दादा. वाचून म्हणाला, "आधी बरा हो, मग बघू," आणि पेन खिशाला लावून निघून गेला. पेन माझं होतं.
दादाच्या जागी: शेजारच्या खाटेवरचे सुतारकाका (सही, सिस्टरांच्या पेनने)