सोबत कोण?

सोमवार, ३ मार्च

डोळ्यांच्या दवाखान्यातून फोन. शुक्रवारी सकाळी आठची वेळ मिळाली. उजवा डोळा. मोतीबिंदू चांगलाच पिकलाय म्हणे — जसं काही मी तो मुद्दाम पिकत घातला होता!

सगळं सांगून झाल्यावर काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "सोबत कोण?"

म्हटलं, "कोणी नाही. टॅक्सीने येईन, टॅक्सीने जाईन."

"असं नाही चालत हो, आजी. सोबत माणूस असल्याशिवाय डॉक्टर हात लावत नाहीत. घरचं कुणीतरी हवंच."

आजी! मी हिची आजी कधी झाले?

चिरंजीवांना फोन केला. "आई, या शुक्रवारी अजिबात शक्य नाही. पुढच्या महिन्यात बघू ना." ही वेळ सोडली तर पुन्हा रांगेच्या शेपटाला उभं राहायचं, हे त्याला सांगितलं. मग नेहमीचं सुरू — "एकटी कशाला राहतेस तिथे? ते घर विकून टाक आणि ये आमच्याकडे. सगळे प्रश्न मिटतील."

सगळे प्रश्न म्हणजे मी.

त्यांच्याकडे 'माझी' म्हणून एक खोली आहे. तिच्यात सूनबाईंचं व्यायामाचं यंत्र असतं. मी गेले की ते गॅलरीत जातं. मी परत निघाले की माझी बॅग लिफ्टपाशी पोचायच्या आत पुन्हा खोलीत. चाकांचा आवाज येतो. कान अजून शाबूत आहेत माझे.

मंगळवार, ४ मार्च

विचार करकरून डोकं उठलं. सोबत मागावी असं माणूस कोण? एक मैत्रीण गुडघे धरून बसली आहे. दुसरी गेलीच.

उरले शेजारी. दुकानदार आणि दुकानदारीण. दुकान त्याने कधीच बंद केलं, पण माझ्या लेखी तो दुकानदारच. मी वजनमापं खात्यात असताना त्याचा काटा तपासायला जात असे. काटा एकदाही खोटा निघाला नाही, तरी मी पायरी चढले की हा घामाने निथळायचा. पुढे योगायोगाने माझ्याच शेजारी राहायला आला. भीती गेली, अदब राहिली. आजही मला अहोजाहोच्या वर एक पायरी — 'आपण'! "आपला पेपर चुकून आमच्याकडे पडला." "आपण बऱ्या आहात ना?" सरकारी पत्राला तोंड फुटल्यासारखं वाटतं.

पण माणसं वाईट नाहीत. तिचं बोलणं फार आणि त्याचं फार कमी, एवढंच.

मागायचं कसं पण? नोकरीभर लोकांना सांगितलं, बजावलं, दंड केला. मागितलं कधी नाही. जीभ वळायची नाही. म्हणून जेवायला बोलवायचं ठरवलं. पोट भरलं की माणूस नाही म्हणत नाही.

संध्याकाळी त्यांची बेल वाजवली. "उद्या रात्री जेवायला या."

दुकानदारीण गांगरली. "काय विशेष, ताई?"

"विशेष असल्याशिवाय जेवत नाही का तुम्ही?"

हे असं तोंड!

बुधवार, ५ मार्च, दुपारी

बाजार झाला. सकाळपासून पायाला भिंगरी.

आधी चांभार. चपलेचा अंगठा शिवून घेतला. तो म्हणाला, "बाई, आता नवी घ्या, हिच्यात काही राहिलं नाही." म्हटलं, "माझ्यातही राहिलेलं नाही. मला बदलतोस का?" खूप हसला. मी नाही हसले.

मग मासळीबाजार. चांगला जाड, ताठ मासा. डोळे चकचकीत — माझ्यापेक्षा बरे! मासेवालीने तो काट्यावर टाकला आणि मी सवयीने वाकून आकडा वाचायला गेले. दिसेना. नुसता हिरवा ढग. ज्या बाईला लांबून येताना पाहून अख्ख्या बाजारातले काटे सरळ व्हायचे, त्या बाईला आकडा दिसेना! मासेवालीने स्वतःहून वाचून दाखवला. मोठ्याने, लहान मुलाला सांगावं तसा. मान डोलावली आणि निघाले. खरा असेल तर असेल.

बटाटे, मटार, लोणी. बेकरीतून गरम पाव. सफरचंदं आंबटसर घेतली, भाजायला तीच बरी.

घरी येऊन सगळं निवडून, धुऊन ठेवलं. चांगल्या बशा खाली काढल्या. आरशासमोर उभी राहून एकदा म्हणून पाहिलं — "शुक्रवारी माझ्याबरोबर याल का?"

भिकारणीसारखं वाटलं. आरसा झाकायची इच्छा झाली.

बुधवार, जेवणं झाल्यावर

गेले आत्ताच. भांडी तशीच पडली आहेत. हात चालत नाही.

जेवण मात्र उत्तम झालं. ते लिहूनच ठेवते, कारण दुसरं चांगलं काही झालं नाही. मासा लोण्यात खरपूस उतरला होता. बटाटे बाहेरून कुरकुरीत, आत लोण्यासारखे. दुकानदार मान खाली घालून खात होता. दुकानदारीण म्हणाली, "ताई, राग मानू नका, पण मटारात मीठ कणभर कमी आहे हं."

तो म्हणाला, "अगं, कोणाला सांगतेस! माझ्या दुकानात मीठ कणभर कमी भरलं असतं तर यांनी मला आत टाकलं असतं!"

तिघंही हसलो. मीसुद्धा. वाटलं, आता! हीच वेळ.

पण तो प्रश्न काही ओठांवर येईना. शेवटी भाजलेली सफरचंदं वाढताना, जसं काही दूधवाल्याबद्दल बोलते आहे अशा आवाजात म्हटलं, "शुक्रवारी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. आठला."

"अगं बाई! आणि सोबत?" — दुकानदारीण.

मी नुसती बघत राहिले. तिच्याकडे, मग त्याच्याकडे. आता कोणीतरी म्हणावं. आणखी किती सोपं करून द्यायचं असतं?

दुकानदाराने चमचा खाली ठेवला. घसा साफ केला. "आठला ना? मग आपण सातला निघायचं. नंतर पुलावर गाड्या हलत नाहीत."

एवढंच! परत चमचा उचलला.

"मला वेळेचं कळतं," मी म्हटलं. कडक आवाजात.

"हो हो, आपल्याला कोण शिकवणार," तो म्हणाला आणि लाजल्यासारखा हसला. त्याच्या बायकोने सफरचंदात काय काय घातलंय ते विचारायला घेतलं. सांगितलं. दालचिनी, लोणी, मनुका. ती तोंडातल्या तोंडात पाठ करत होती.

सोबत मागायला बसले होते, वाहतुकीची माहिती घेऊन उठले! एवढी वर्षं भिंतीला भिंत. यांच्या आजारपणात रोज दोन्ही वेळा सूप नेऊन दिलं ते मीच ना? आणि मला काय, तर सातला निघा. निघेन की! रस्ता माझ्या बापाचाच आहे.

जाताना दारात म्हणाला, "लवकर झोपा आता."

माझ्या झोपेचीही काळजी यालाच!

गुरुवार, ६ मार्च

सकाळीच दवाखान्यात फोन लावला. उद्याचं रद्द करा.

"का हो, आजी?"

"सोबत नाही म्हणून."

"शेजारीपाजारी कोणी?"

"नाहीत."

तिने वेळ दुसऱ्या कोणाला दिली. माझ्यासमोरच, फोन चालू असताना, शेजारच्या मुलीला ओरडून सांगितलं — "ए, शुक्रवारची आठची सुटली गं!"

मग चिरंजीव. "येते तिकडे. घर विकून टाक," म्हटलं. लोंबकळत राहण्यापेक्षा एकदाचा तुकडा पाडलेला बरा.

तिकडे एकदम आनंद. "बरं झालं, आई! आता आपण मस्त गिऱ्हाईक बघू. आपलं घर मोक्यावर आहे."

विकायचं म्हटल्यावर माझं घर 'आपलं' झालं. त्याचं अजून 'आमचं'च आहे. सोमवारीही म्हणाला होता — ये 'आमच्याकडे'. शब्दांचं वजन मला बरोबर कळतं. आकडा दिसत नसेल, पण पारडं कुठे झुकतंय ते कळतं.

दुपारी पुन्हा त्याचा फोन. इतक्या तत्परतेने त्याने मला कधी फोन केलेला आठवत नाही. एजंटाकडे एक कुटुंब तयारच होतं. उद्या अकराला घर बघायला येतील. "त्यांना शब्द दिलाय, आई. आता मागे फिरू नकोस हं."

म्हटलं, मी कधी मागे फिरले आहे?

कपाट आवरायला काढलं. चांगल्या बशा कोणाला द्यायच्या? दुकानदारणीला तर मुळीच नाही.

संध्याकाळी जिन्यात दुकानदार भेटला. हातात इस्त्रीचे कपडे. "उद्याचं लक्षात आहे ना?" म्हणाला. मी घरात शिरून दार लावून घेतलं. जरा जोरातच.

शुक्रवार, ७ मार्च, सकाळी

सातच्या आधीच बेल. मी गाऊनवर. दारात दोघंही. तो कडक इस्त्रीच्या शर्टात. ती एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात उशी घेऊन. "परत येताना टॅक्सीत मान टेकायला," म्हणाली.

"हे काय! आपण अजून तयार नाही?" तो म्हणाला. हा 'आपण' म्हणजे मी.

"आपण सातला निघायचं ठरलं होतं ना?" हा 'आपण' म्हणजे तिघं!

तोच शब्द. तोच आवाज. बुधवारी माझ्याच टेबलावर, माझ्या तोंडासमोर म्हणाला होता.

"पाच मिनिटं," म्हटलं आणि आत आले. कपडे बदललेले नाहीत. पलंगाच्या कडेला बसून हे लिहिते आहे. ऑपरेशन नाही. अकराला माणसं यायची आहेत. बाहेर जाऊन पहिलं वाक्य काय बोलायचं ते इथे लिहून बघत होते. तीनदा खोडलं.

बाहेरून दुकानदारणीचा आवाज — "सावकाश आवरा हं, ताई. आम्ही बसलोय."