सतरा अंश आणि तीनशेदोन मिल

ती. लालासाहेब दाजींच्या सेवेशी,

वडूजहून जालिंदरचा वाकून नमस्कार. अक्काचे गुडघे बरे असतील, बागेला पाणी पुरत असेल, अशी आशा करतो. (पाण्याचा विषय मुद्दाम काढला, कारण पत्र त्याचंच आहे. फोनवर बोलायला गेलो की भलतंच बोलून ठेवून देतो.)

मागं मी तासगावला आलो, तेव्हा तुमच्या विहिरीवर सोलर पंप बसून चार दिवस झाले होते. पॅनेल सतरा अंश कलते ठेवलेत, असं ते बसवणारा धैर्यशील तुम्हाला सांगून गेला होता. आता मी पडलो तोफखान्यातला निवृत्त हवालदार. निरोपाला मिळालेलं कोन मोजायचं यंत्र पिशवीत होतंच (ते मी लग्नालाही नेतो, अक्काला आवडत नाही). लावून पाहिलं, तर काटा तीनशेदोनवर. मी म्हणालो, "दाजी, सतरा सांगून तीनशेदोन केलंय. फसवलं की तुमाला." तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात. मी नट ढिले करून काटा सतरावर आणला आणि पॅनेल बाजेसारखे आडवे झाले.

तेव्हा तुमच्या प्रांजलनं विचारलं, "मामा, तुमच्या यंत्रात एका वर्तुळाचे भाग किती?" दाजी, मला ठाऊक होतं. सहा हजार चारशे. तोफखान्यात अंश नाही, मिल मोजतात. पण पोरीनं चारचौघांत विचारलं, म्हणून मी म्हणालो, "पुस्तकातलं पुस्तकात ठिव." परतताना विट्याच्या स्टँडवर हिशेब जुळला. एका अंशात जवळजवळ अठरा मिल, म्हणजे सतरा अंशांचे तीनशेदोनच होतात. धैर्यशीलचं काम बरोबर होतं. एसटी दहा मिनिटं थांबली होती. मी माघारी फिरलो नाही, खिडकीतून भजी घेतली.

पुढचं तुम्ही जाणता. आडव्या पॅनेलवर पाणी साचलं, धुळीचा चिखल वाळला, पंप धापा टाकू लागला. तुम्ही धैर्यशीलला लोकांदेखत बोललात, तो मान खाली घालून गेला. अक्कानं हे फोनवर सांगितलं, तेव्हा "हल्ली कामं अशीच" एवढंच मी म्हणालो.

मग पंप आपोआप सुधारला, असं तुम्हाला वाटतं. तसं नाही. कामावरच्या दोन बायांना हाताशी घेऊन प्रांजलनं पॅनेल धुतले आणि कंपासपेटीतला कोनमापक, दोऱ्याला बांधलेला खडा, एवढ्यावर कोन परत लावला. मला फोन करून म्हणाली, "मामा, परत सतरा अंश केलंय. पप्पांना काय बोलले न्हाई." जिला मी गप्प बसवलं, तिनंच माझी अब्रू राखली.

गुरुवारी येतो. धैर्यशीलच्या घरी माफी मागायला तुम्हीही चला. मला काय बोलायचं ते वाटेत बोला, मी ऐकून घेईन.

तुमचा मेहुणा,
जालिंदर

ता. क. हे पत्र आधी प्रांजलला वाचायला द्या.

दुसरा ता. क. आमच्या गल्लीतल्या सात घरांचे पॅनेलही मी तासगावला येण्याआधीच त्याच यंत्रानं 'दुरुस्त' केलेत. गुरुवारी परतताना प्रांजलला माझ्याबरोबर पाठवा. कोन तिनं लावावा, पाना मी धरतो. लोकांना वार्षिक तपासणी म्हणून सांगितलंय.