सहा आठवड्यांत मोत्यासारखं अक्षर

सोमवार, ३ जून
नातीच्या शाळेतून चिठ्ठी आली. अक्षर लागत नाही, पेपर तपासायचा कसा? लेक रडकुंडीला आलेली. मी म्हटलं, रोज दुपारी माझ्याकडे पाठव, सहा आठवड्यांत मोती करून देते. मी स्वतः चौथी पास, पुढचं सगळं घरीच वाचून. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून सुलेखनाचं पुस्तक आणलंय. अर्धं वाचून झालं, तेवढं पुरे.
सोबत हवी म्हणून नव्हे. प्रश्न अक्षराचा आहे.

मंगळवार, ४ जून
टिंब आली. नातीचं हे नाव ह्यांनीच ठेवलेलं. पेन्सिल उलथन्यासारखी धरते. पुस्तकातला कित्ता अगदीच बेचव, म्हणून फ्रिजवरची ह्यांची चिठ्ठी दिली. ‘यायला उशीर होईल. वाट बघू नकोस.’ दोन वर्षांपूर्वी ही लावून बाहेर पडले ते परत आले नाहीत. अक्षर मात्र छापील. तीस वर्षं प्रमाणपत्रांवर नावं घातली त्यांनी.

शुक्रवार, १४ जून
वीस ओळी. टिंब म्हणाली, आजी, हात दुखतो. मी म्हटलं, दुखतो म्हणजे वळतोय. मग म्हणाली, आजी, कुणाची वाट बघायची नाही? मी म्हटलं, रेघेवर लक्ष दे.

मंगळवार, १८ जून
शाळेने टिंबला हातांचे व्यायाम घेणाऱ्या बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, बोटांत जोर नाही. दहाच मिनिटं लिहू दे, बाकी वेळ कणीक मळू दे, कपड्यांना चिमटे लावू दे.
कणकेने अक्षर सुधारत असतं तर माझं एव्हाना पुस्तकात छापून आलं असतं. ओळी तीस केल्या.

सोमवार, २४ जून
लेकीचा फोन. म्हणाली, आई, आज राहू दे ना, सकाळपासून पोट दुखतंय म्हणते. मी म्हटलं, पोटाने कुठे लिहायचंय? लेक म्हणाली, तुला एकटं वाटत असेल तर आम्ही रविवारी येत जाऊ की, त्यात वही कशाला?
काय डोक्यात घेते ही मुलगी.
टिंब आली नाही. दोन पेन्सिलींना टोक केलं. मग आणखी चार.

गुरुवार, २७ जून
दुपारी ३. ठरलं, आज दहाच ओळी. कणीकसुद्धा भिजवून ठेवली.
४.३०. झाल्या पंचवीस. एकदा हात बसला की सोडवत नाही. पोरीने हूं की चूं केलं नाही. गोडी लागली म्हणायची. पाणी प्यायला आत गेली, बराच वेळ लावला. निघताना कमरेला घट्ट मिठी.
संध्याकाळी ६. दूध काढायला फ्रिजपाशी गेले. ह्यांच्या चिठ्ठीखाली वहीचा कागद, चुंबकाने लावलेला. रेघ सरळ, वेलांट्या गोल, खाडाखोड नाही. कुणालाही लागेल.
‘आजी, मी उद्यापासून येणार नाही. वाट बघू नकोस.’
दोनदा वाचलं. थेट ह्यांचं वळण. सहा आठवडे म्हटलं होतं, चारांतच झालं.
दहापैकी नऊ. ‘घ’चं पोट अजून आत जातं. उद्या आली की तेवढं एकच अक्षर घेऊ.