नदीला पहिली वेलांटी

४ फेब्रुवारी, मंगळवार

झालं! दुकान उघडलं. ना फळी, ना गल्ला, ना कुलूप. सूनबाईच्या लॅपटॉपवर चार बोटांएवढी पाटी — ‘शाईबोट्या’. शाळेतलं माझं नाव. दौत सांडल्याशिवाय माझा एक तास जात नसे, म्हणून वर्गानं बहाल केलेली पदवी.

“बाबा, दुकानाला जरा भारदस्त नाव नको?” — सूनबाई.

पदवी ती पदवी, म्हटलं!

रीत सोपी आहे. मी कागदावर बोरूनं अक्षरं-चित्रं काढायची, तिनं फोटो काढून चढवायची. मागणी आली की कंपनी टी-शर्टावर छापणार, घरपोच पाठवणार, आपला वाटा खात्यात टाकणार. शेवटी एक चौकोन आला — ‘ही रचना माझी स्वतःची आहे.’ खूण करा म्हणे. मीच केली, माझ्या बोटानं. टक्!

५ फेब्रुवारी

पुढे कविताही छापायची म्हटलं, तर मुलगा म्हणतो, “छातीवर कविता? दोन धुण्यांत जाईल.” — पाठ झालेली जात नाही, म्हटलं.

९ फेब्रुवारी, रविवार

पहिलं झाडाचं चित्र चढवून चार दिवस झाले. कुत्रं फिरकलं नाही! आज चित्रबित्र सोडलं आणि ट्रंकेतून सातवीची वही काढली. शेवटच्या पानावर, माझ्याच गिचमिड अक्षरात —

थांबा म्हणती सगळे काठ,
नदि हसते अन् धरते वाट.

वाचलं आणि अख्खा वर्ग उभा राहिला. खडूची धूळ. खिडकीतलं तिरपं ऊन. फळ्यावर हीच ओळ, आणि गुरुजी गरजतायत — “नदीला दुसरी वेलांटी! कुणाचा हा प्रताप?” उत्तर येतं — “गुरुजी, मात्रा मोजा. दीर्घ केली तर चाल मोडते.” “किती मात्रा?” “पंधरा!” गुरुजी बोटांवर मोजतात. आणि डस्टर खाली ठेवतात.

साठ वर्षं झाली, अजून छाती फुगते. काय धिटाई होती माझी!

तीच ओळ छापायची. पहिल्या वेलांटीसकट. खाली सही — शाईबोट्या. चौकोनात पुन्हा खूण. टक्!

१२ फेब्रुवारी

पहिला गेला! काळा, मध्यम मापाचा. कुठल्या तरी अनोळखी छातीवर आता माझी नदी वाहणार. आनंदात चहा मी केला. साखर राहिली. सगळे मुकाट्यानं प्यायले.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सात गेले. आणि एक तारा मिळाला — पाचपैकी! खाली शेरा : ‘नदी दीर्घ असते. आधी शाळेत जा, मग दुकान काढ.’

सूनबाई काकुळतीला आली. “बाबा, एका वेलांटीचा तर प्रश्न. करू ना दुसरी. पाच मिनिटांचं काम.”

शुद्धलेखन डोळ्यांसाठी, कविता कानांसाठी — म्हटलं. उत्तर मीच टंकलं. एका बोटानं, पाऊण तास. ‘मोजून पाहा. पंधरा.’

२३ फेब्रुवारी, रविवार

त्या उत्तरानंच धंदा केला! लोक मोजायला लागले, मोजून झाल्यावर घ्यायला लागले. शंभरी गाठली म्हणते सूनबाई. माझा वाटा खात्यात पडला. जन्म गेला गोदामात पावत्या फाडण्यात. कवितेचे पैसे आज पहिल्यांदा. मी कवी होतोच. फक्त कळवायला उशीर झाला.

आणि गंमत! मुलाच्या अंगात माझाच टी-शर्ट. गुपचूप मागवला होता लेकानं. “दोनदा धुतला,” म्हणाला, खाली बघत. “आहे अजून.”

२५ फेब्रुवारी

कंपनीचं पत्र. माझी नदी त्यांच्या साइटच्या पहिल्या पानावर लावणार! ओळ कशी सुचली, ते दोन वाक्यांत लिहून पाठवा म्हणतात. म्हटलं, दोनच का? पान भरून देतो.

बसलो. फळा आठवतो, गुरुजी आठवतात, ‘पंधरा’ आठवतं. सुचली कशी ते मात्र… जागा? वेळ? काहीच नाही. उद्या आठवेल.

२७ फेब्रुवारी

नाही आठवलं.

१ मार्च, शनिवार

एक मागणी आली, सोबत निरोप. सूनबाईनं मोठ्यानं वाचायला घेतला आणि मध्येच थांबली. मग लॅपटॉप माझ्याकडे वळवला. जसाच्या तसा उतरवतोय —

‘शाईबोट्या, सातवी ब, खिडकीजवळचा बाक — तूच ना? मग ऐक. ओळ माझी आहे. गुरुजींपुढे उभी मी होते. त्यांनी किती मात्रा विचारलं आणि माझी बोबडी वळली. तू समोरून बोटं दाखवलीस. आधी दहा, मग पाच. म्हणून तरले. वेलांटी बदलली नाहीस हे बरं केलंस, नाहीतर येऊन तंगडं मोडलं असतं. सगळ्यांत मोठं माप पाठव, आता सुटलेय मी.’

दिसली मला ती बोटं. बाकाच्या कडेवर. निळी.

२ मार्च

‘माझी स्वतःची’ म्हणणाऱ्या चौकोनातली खूण काढून टाकली. कंपनीला कळवलं. “बाबा, म्हणजे दुकान बंद?” छे! सही बदलायची आहे. नाव कसं लिहू, तिला विचारलंय. ओळ तिची.

मात्रा मात्र मी मोजल्या.