सुईवर नाव लिहिता येत नाही

२६ ऑगस्ट, मंगळवार
मंडळाची मीटिंग. उस्मानपुऱ्यात, अध्यक्ष भाऊसाहेबांच्या दुकानाच्या वर. (यापुढं भा.सा. एवढंच लिहीन, त्यांच्यासाठी जास्त शाई घालवणं होत नाही.) टांझानियातल्या एका गावच्या शाळेला आणि तिथल्या बायकांच्या शिवणगटाला मदत करायची ठरली. भा.सा.चा जावई तिकडं व्यापार करतो, म्हणून आफ्रिका. जावई नेपाळात असता तर नेपाळ.

दोन तासांतला दीड तास पाहुणा कोण बोलवायचा यावर. मशिनं कोणती घ्यायची हे मला विचारलं, चहा आल्यावर. तीस वर्षं पोरींना शिवण शिकवली त्याची एवढी तरी किंमत. पायानं चालवायची काळी मशिनं सांगितली, तिकडं विजेचा भरवसा नाही. बारा मशिनं, बारा दाते. एक मी.

४ सप्टें., गुरुवार
तिकडच्या गटाची प्रमुख नीमा. शाळेत शिकवते. व्हॉट्सअ‍ॅपवर इंग्रजीत लिहिते, तिचं इंग्रजी माझ्यासारखंच, त्यामुळं कळतं. जानेवारीत शाळा उघडते. सगळ्या मुलांचे गणवेश शिवायचं काम हेडमास्तरांनी गटाला दिलंय, यंदापुरतं, बघू म्हणून. वेळेत झाले तर दर वर्षी. नाही झाले तर काम परत शहरातल्या व्यापाऱ्याकडं. बारा बायका आहेत.

तिनं यादी पाठवली. सोळा नंबरच्या सुया, पट्टे, बॉबिनी, तेल. मशीन दुरुस्त करणारा माणूस एक दिवसाच्या वाटेवर.

यादी मीटिंगमध्ये वाचली. सगळे पंख्याकडं बघायला लागले. मंगलताई (सेक्रेटरी) म्हणाल्या, "हे किरकोळ नंतर बघू." मशीनला लगेच दाते मिळाले, सुयांना एक मिळेना. सुईवर नाव कुठं लिहिणार? शेवटी मीच गुलमंडीवर जाऊन सगळं घेऊन आले.

८ सप्टें., सोमवार
मशिनं आली. बाराही चालवून पाहिली, टाका सुरेख. नीमाला फोटो पाठवला. आज-उद्या निघायला हवीत, पण पितृपक्ष लागला.

भा.सा. : "पित्तरपाटात नवी वस्तू भाईर काढत नसतेत, बाई."

बाराही मशिनं कुणाच्या ना कुणाच्या पितरांच्या नावानं दिलेली. म्हणजे पितरांना त्यांच्याच पंधरवड्यात बंदी. हे मी बोलून दाखवलं. कुणी हसलं नाही. आता दसऱ्याला निघणार, झेंडी दाखवून. जहाज काय, भा.सा.साठी थांबतंच.

२२ सप्टें., सोमवार
घरी घट बसवून हॉलवर गेले. नावं टाकून झालीत. प्रत्येक मशीनवर पांढरा ऑइलपेंट, त्यावर लाल अक्षरं. एकावर कैलासवासी आजोबा, दान देणारा मुलगा, सून, दोन नातवंडं आणि दुकानाचा पत्ता. समोर मावेना म्हणून वरच्या अंगावर चढवलंय. तेल सोडायची भोकं नेमकी तिथंच असतात. बाराही मशिनांची बुजली.

आज चालतील. बायका दिवसभर शिवायला लागल्या की तेलाशिवाय महिन्या-दोन महिन्यांत जाम. म्हणजे ऐन गणवेशात, आणि दुरुस्तीवाला एक दिवसाच्या वाटेवर.

पेंटर गफूरभाई, सिल्लोडचे, ब्रश धूत बसलेले. "मेरेकू बोले नावां बडे लिखो. मैं लिख्या. छेदां का कोई बोल्याच नै, बाई."

त्यांचं बरोबर आहे. पहिल्या दिवशी पहिली गोष्ट म्हणून मी पोरींना ती भोकं दाखवायचे. इथं कुणाला दाखवली नाहीत. मंडळात कुणाला काही शिकवायचं म्हणजे जिवावर येतं.

२३ सप्टें., मंगळवार
भा.सा.ना सांगितलं.

"रंग खरवडायचा? लोकायनी नावासाठी तं देलंय. नाव गेलं तं पुढच्या टायमाला कोन देतंय? तुमी लई इचार करता."

मंगलताई : "नव्या मशीनला कुठं लगेच तेल लागतं? तुम्ही ना बाई, फार निगेटिव्ह." मंगलताई साडीला फॉलसुद्धा बाहेरून लावून आणतात.

मग तासभर चर्चा, पाहुण्याला शाल कोणत्या रंगाची. उंटावरून शेळ्या हाकायच्या, त्याही आफ्रिकेतल्या. किळस आली. तरी चहा पिऊन आले.

नीमानं विचारलं, सगळं ठीक? ठीक, असं लिहिलं. खोटं.

१ ऑक्टो., बुधवार
उद्या नऊला झेंडी, लगेच टेंपो. दुपारी मंगलताईंकडून हॉलची किल्ली घेतली, हार-तुरे लावून ठेवते म्हणून. पिशवीत थिनर, चिंध्या, जाड सुई, तेल.

एकेक भोक उघडलं, तेल सोडलं, चाक फिरवलं. भोकाभोवतीचं नाव जातंच. एका आजोबांचं आडनाव गेलं. एका सासूबाईंचं नुसतं 'कै.' उरलं. मजा आली, खरं सांगायचं तर. भा.सा.च्या वडिलांवर थिनर जरा जास्तच सांडलं.

अकरा झाली. बारावं आईचं.

मी कागदावर साधं नाव लिहून दिलं होतं, दुसरं काही नाही. आणि मग गफूरभाईंना बाजूला घेऊन म्हटलं होतं, जरा वर घ्या, ठळक दिसू द्या. हे इथं लिहायचं राहून गेलं होतं. राहून गेलं कसलं, लिहिलं नाही. त्यांनी घेतलंय वर. सुंदर अक्षर, बरोबर भोकांवर.

लासूर स्टेशनला असताना निम्म्या गावाचे सदरे आईनं शिवले. घर वडिलांच्या नावावर, शेत भावांच्या, मशीनची पावतीसुद्धा वडिलांच्या नावाची. तिचं नाव कशावर तरी लिहिलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. सुई हातात घेऊन बराच वेळ बसले. मग सुई पिशवीत टाकली, हार लावले, कुलूप घालून घरी आले. अकरा जणांचे आईबाप हसत हसत खरवडले, आणि इथं हात चालला नाही. भा.सा.ला नावं ठेवायला मी मोकळी.

आत्ता नीमाचा मेसेज. बारा बायकांमध्ये चिठ्ठ्या टाकून मशिनं वाटणार आहे, म्हणजे भांडण नको. विचारते आहे, सगळी सारखीच आहेत ना?

उत्तर दिलेलं नाही. झेंडी नऊला आहे. किल्ली अजून माझ्याकडंच आहे.