न विचारता दिलेली कबुली

४ मार्च
ह्याला पकडलं! घरी नाही, रस्त्यात नाही — कामावर. एका न्हाणीघराच्या लाद्या बसवत होता, अर्धी भिंत तशीच राहिली. ठेकेदाराचा फोन — "वहिनी, त्याला इमिग्रेशनचे पोलीस घेऊन गेले. अवजारं माझ्याकडे आहेत." अवजारं घेऊन मी काय करू?

५ मार्च
सरकारने वकीलबाई दिल्यात. म्हणाल्या, मागच्या वेळी देशाबाहेर काढलं, तेवढ्यावर भागलं. आता परवानगीशिवाय परत आला, म्हणून थेट फौजदारी गुन्हा. आधी तुरुंग, मग पुन्हा हकालपट्टी.
"पण लेकीच्या ऑपरेशनसाठी आला होता, ते सांगा ना!"
"का आला, हे कुणी विचारत नाही. आला की नाही, एवढंच."
डोकं फिरलं.

११ मार्च
भेट झाली. काचेपलीकडे हा, दाढी वाढलेली. लेक काचेला नाक दाबून त्याला हसवत होती.
वकीलबाईंना एक फट सापडलीय! पहिल्या हकालपट्टीच्या वेळी ह्याला दुभाषाच दिला नव्हता. तो हुकूम चुकीचा ठरला तर हा खटलाच उभा राहत नाही. मी म्हटलं, लढायचं. हा म्हणाला, "लढू या." शब्द दिलाय!

१९ मार्च
पुढची तारीख. बेकरीतली रजा फुकट गेली. मुकादमबाई म्हणतात, "पुन्हा कोर्ट?" हो बाई, हौस आहे मला!

२० मार्च
लेकीवर ओरडले. उगाच.

२ एप्रिल
न्यायाधीशांनी विचारलं आणि हा उभा राहून म्हणाला — "गुन्हा कबूल आहे."
दुभाष्याचं काही चुकलं असं वाटलं मला. पण नाही. दहा महिन्यांची शिक्षा. वकीलबाई खाली बघत बसल्या. नेताना ह्याने मागे वळून पाहिलं, मी मान फिरवली. सगळी धडपड मातीत घातली! मला एका शब्दाने तरी विचारायचं!

९ एप्रिल
भेटीला गेले नाही. बसू दे एकटा.

१४ एप्रिल
वकीलबाईंना गाठून तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमच्या यजमानांनी बजावलं होतं, तुम्हाला सांगायचं नाही. त्यांना घरात आसरा दिला म्हणून सरकारपक्ष तुमच्यावरही खटला भरणार होता. दोघंही आत, मुलगी अनाथाश्रमात. ते म्हणाले, मी कबूल करतो, तिला हात लावू नका."
उद्या भेटीचा वार नाही. तरी तुरुंगाच्या फाटकाशी जाऊन उभी राहणार.