नाव न घेतलेला नवस

५ जून
पोहोचले. योश्कार-ओलाहून बसने साडेतीन तास आणि ती बिघडल्यावर शेवटचे सहा किलोमीटर दुधाच्या गाडीत, डब्यांच्या मध्ये बसून. कंबर शाबूत आहे. एकतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि साठीला पुन्हा विद्यार्थिनी. व्होल्गाकाठच्या आमच्या मारी लोकांच्या जुन्या धर्माचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. उन्हाळाभर देवराईजवळच्या गावात राहायचं आणि 'निसर्गाशी नातं' या विषयावर वही लिहायची, हा गृहपाठ. असले शब्द साबणाच्या जाहिरातीत शोभतात. पण गृहपाठ तो गृहपाठ.

घरमालकीण सालिका सत्तरीची आहे, तोंडाने फटकळ. माझे बूट पाहून म्हणाली, एवढे स्वच्छ घेऊन गोठ्यात जाऊ नका हो, गाय हसेल. मग तीन थरांची गरम धिरडी आणि साय पुढे ठेवली आणि संपेपर्यंत उठू दिलं नाही. खिडकीतून राई दिसते. लिंडनची जुनी झाडं. फुलायला महिना आहे. मन प्रसन्न आहे. हे मुद्दाम नोंदवते, कारण माझ्या बाबतीत क्वचित घडतं.

८ जून
मला शिकवणार तो कार्त, म्हणजे इथला पुजारी, निघाला यांबाय! वसतिगृहाच्या शाळेत नववीला मीच त्याला नापास केलं होतं. आता पंचेचाळिशीचा आहे, ट्रॅक्टर दुरुस्त करतो आणि गावाच्या प्रार्थना चालवतो. म्हणाला, बाई, आता तुमची परीक्षा, पण घाबरू नका, मी तुमच्यासारखा कान धरत नाही. सालिकाला हसून हसून उचकी लागली.

नियम सांगितले. राईत जाण्याआधी वाफेचं न्हाण, अंगावर पांढरे कपडे. फांदी तोडायची नाही, आतलं पानही बाहेर आणायचं नाही. काही मागायचं तर बदल्यात काय देणार ते रंगासकट बोलायचं: पांढरं बदक, काळा मेंढा. बळी द्यायच्या दिवशी प्राण्याच्या पाठीवर पाणी ओततात. तो शहारला तर देवाने स्वीकारला. नाहीतर परत गोठ्यात. मी म्हणाले, ही कातडीखालच्या स्नायूंची प्रतिक्षिप्त क्रिया आहे. तो म्हणाला, तेवढं नापास होऊनही कळतं मला, बाई.

१७ जून
दुपारी दोन तास एका लिंडनला पाठ टेकून बसले. हजारो झाडांची शास्त्रीय नावं मुलांकडून घोकून घेतली, पण एकाही झाडापाशी गप्प बसले नव्हते. गृहपाठासाठी वाक्य बरं आहे. खरी गोष्ट वेगळी. सगळा वेळ पाठीला जाणवत होतं, कोणीतरी मला तपासतंय. सावकाश, ओळ न ओळ. मी वह्या तपासायची तसं.

दोनदा जागा बदलली. फरक पडला नाही.

२३ जून
काझानहून जावयाचा फोन. ल्युदाला, माझ्या एकुलत्या मुलीला, अतिदक्षता विभागात हलवलंय. जंतुसंसर्ग रक्तात पसरलाय. औषधं लागू पडत नाहीत. बस उद्या सकाळी.

न्हाण घेतलं, पांढरा सदरा घातला, राईत गेले. यांबाय सोबत होता. म्हणाला, काय देणार ते बोला. माझा संताप झाला. मुलगी मरते आहे आणि मी बदक की मेंढा अशी घासाघीस करू? मी देवाला म्हणाले, तिला वाचव आणि तुला हवं ते घे.

यांबायचा चेहरा उतरला. म्हणाला, बाई, असं कोणी बोलत नाही. परत घेता येईल का, विचारलं. तो राईबाहेर चालू लागला.

२४ जून
बसमध्ये चढणार तोच फोन आला. पहाटे ताप उतरला. ल्युदाने चहा मागितला. डॉक्टर चकित आहेत. काझानला जाऊन तिला डोळ्यांनी पाहते आणि परत येते. नवस फेडायचा आहे.

११ जुलै
पांढरं बदक नेलं. पाठीवर पाणी ओतलं. शहारलं नाही. यांबायने सात वेळा ओतलं. पंखांतून पाणी टपकत होतं आणि बदक मातीचं असावं तसं उभं. सोडल्यावर पंख झाडून कलकलत घरी पळालं.

१४ जुलै
मेंढा. तोही नाही.

सालिका आता थट्टा करत नाही. विचारत होती, दुसरं काय आहे तुमच्याकडे. मी म्हणाले, पुस्तकं. ती हसली नाही.

१८ जुलै
ल्युदा येते म्हणते. देवाचे आभार मानायला. मी नको म्हणाले. म्हणाली, आई, तू सगळ्यालाच नको म्हणतेस. येणार म्हणजे येणार.

२० जुलै
आली. गालांवर रंग आहे. सालिकाच्या धिरड्यांवर तुटून पडली.

बसथांब्यावरून येताना राईच्या कडेच्या झाडाखालून आलो. चार दिवस पाऊस नाही. पानं कोरडी ठणठणीत. तिच्या मानेवर पाणी पडलं. मी पाहिलं. आधी खांदे, मग पाठ, मग सगळं अंग. चांगला मेंढा शहारतो तशी.

ती हसली. म्हणाली, कोणता पक्षी गं?

दाराशी सालिका उभी होती. तिने पाहिलं आणि आत जाऊन दार लावलं.

२१ जुलै
भर उन्हात कुडकुडते आहे. अंगावर दोन रजया. सारखी विचारते, आई, पाणी कोण ओततंय? अंग कोरडं आहे. मी हात फिरवून पाहिलं. पुन्हा पुन्हा.

डॉक्टर येऊन गेला. ताप नाही. नाडी ठीक.

२२ जुलै
तिला घेऊन बसमध्ये बसले. बस हलली की शहारे इतके, की दात जिभेत रुतले. रक्त. उतरवलं की शांत. दोनदा करून पाहिलं. चालकाने तिसऱ्यांदा चढू दिलं नाही—

यांबायला गाठलं. म्हणाला, बदली मागता येते. तिच्या जागी तुम्ही. पण घ्यायचं की नाही ते—

बास. उद्या.

२३ जुलै
राईतच लिहिते आहे. सवय. ऊन लख्ख. न्हाण झालं. पांढरा सदरा. यांबाय भांडं दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा आहे. फळ्यासमोर खडू असाच धरायचा.

ओतलं. काही नाही.

पाणी बर्फासारखं आहे आणि माझी पाठ— एकही स्नायू हलत नाही. खांदे मुद्दाम उडवले. तो म्हणाला, बाई, नाटक चालत नाही इथे. रडत होता.

दुसऱ्यांदा. नाही.

लिंडन फुललाय. मधमाश्यांचा आवाज एकदम थांबला.

कुंपणापाशी ल्युदा. अनवाणी. सालिकाला सांगितलं होतं, कडी लाव, काही झालं तरी— ल्युदाच्या अंगावर पांढरं आहे. हे कपडे तिला कोणी—

यांबाय, अडव तिला. भांडं इकडे. अजून एकदा, माझ्यावर, मला—

ती भांड्यापुढे पाठ करून उभी राहते आहे. मी हात पुढे